वरातीची विंटेज गाडी आणि टायरचा नंबर

बांगड्या भरायला बसलं की कासार आधी आपला हात बघतो आणि मग नंबर सांगतो, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन-सहाच्या हाताला दोन-चार कितीही आवडली तरी चढत नाही. टायरलाही असाच नंबर असतो. फरक एवढाच, की चुकीच्या नंबरचा टायर खटपट करून गाडीला चढवता येतो आणि तो दगा देतो पुढे, रस्त्यावर.

बचत गटाच्या कार्यक्रमात टायर कुठून आला, असं वाटेल. तर आमच्या पनवेल तालुक्यातल्या एका गटात तुळशीच्या लग्नाच्या आधी एक कर्जमागणी आली. ताईंचा मुलगा गॅरेजमध्ये काम करतो. त्याने जुनी ऑल्टो घेतली, वरची बॉडी उतरवली आणि पत्रा ठोकून शंभर वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाडीसारखं रूप द्यायला घेतलं. लांब नाक, गोल दिवे, बॉनेटवर चामडी पट्टा, बाजूला गोलात रंगवलेला आकडा. पनवेलपासून कर्जत-खोपोलीपर्यंत लग्नाची लॉन आणि फार्म हाऊस किती झाली आहेत ते तुम्ही बघताच. नवरा-नवरीला अशी गाडी हवी असते. तेव्हा धंदा म्हणून कल्पना वाईट नव्हती. कर्ज हवं होतं चार टायर आणि चार रिमसाठी, आणि तेही 16 इंची, उंच आणि बारीक, जुन्या फोटोत असतात तसे.

आता त्या जुन्या गाड्यांचे टायर तसे का होते? हौस म्हणून नव्हते. हवेचा टायर चालता केला 1888 मध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. 1895 मध्ये मिशलँ बंधू पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरची मोटार घेऊन उतरले आणि वाटभर पंक्चर काढत राहिले. तेव्हाचे रस्ते म्हणजे खड्डे आणि चिखल. मोठं चाक खड्ड्यात अडकत नाही, हे बैलगाडी बघितलेल्या बाईला सांगायला नको. बारीक चाक चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतं. पुढे रस्ते सुधारले, रबर सुधारलं, वेग वाढला, तसे टायर बुटके आणि रुंद होत गेले. म्हणजे ते रूप त्या काळच्या रस्त्यांनी ठरवलं होतं. आपल्या मुलाला फक्त रूप हवं होतं, गाडी मात्र ऑल्टोची.

म्हणून आम्ही बैठकीत टायरचा नंबर वाचायला शिकलो. ऑल्टोच्या टायरवर लिहिलेलं असतं 145/80 आर 12, आणि पुढे 74 टी. 145 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 116 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे कसे टाकले आहेत त्याची खूण. 12 म्हणजे आतल्या रिमचा व्यास 12 इंच. 74 हा वजनाचा सांकेतिक आकडा; 74 म्हणजे एक टायर 375 किलो पेलतो. टी ही वेगाची मर्यादा. जुन्या पद्धतीत नुसतं 6.00-16 असं लिहितात, म्हणजे रुंदी सहा इंच आणि रिम सोळा इंच. जुन्या जीपला हाच टायर असे. मुलाच्या मनात तोच होता.

मग हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ऑल्टोचं चाक जमिनीपासून वरपर्यंत किती? दोन्ही भिंती 232, रिम 305, मिळून 537 मिलिमीटर. जीपचं चाक साधारण 730. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त उंच. ऑल्टोचं चाक एका फेऱ्यात 1 मीटर 69 सेंटिमीटर जातं, हे मोठं चाक जवळजवळ 2 मीटर 29. काट्यावर 40 दिसत असेल तेव्हा गाडी 54 ने पळत असते. बरं, वरातीत गाडी पळतच नाही, ती बेंजोच्या मागे मुंगीसारखी सरकते. पण तिथेच तर जास्त त्रास. मोठं चाक फिरवायला इंजिनाला जोर पुरत नाही, मग पोरगं अर्धा क्लच दाबून गाडी रेटत राहतं आणि क्लच जळतो. ब्रेक तर त्याहून वाईट. ब्रेक तेवढेच छोटे आणि थांबवायचं चाक मोठं. पुढे नाचणारी माणसं आहेत, त्यांत लहान मुलं आहेत. हे ऐकून बैठकीत जरा वेळ कुणी बोललं नाही. वळवताना टायर पत्र्याला घासेल आणि रिमच्या नटांची भोकं जुळणार नाहीत, हे मुलाला स्वतःलाच माहीत होतं. मधे चकती टाकून जुळवू, असं त्याचं म्हणणं. जुळतं, पण सगळा भार त्या चकतीवर येतो. मला ते पसंत नाही.

मग त्याने दुसरा नंबर आणला, 145/70 आर 13. याची बेरीज करून बघा. भिंती 203, रिम 330, मिळून 533. मूळच्या 537 ला अगदी जवळ! रिम मोठी, त्यामुळे दिसायलाही बरं. पण वजनाचा आकडा बघितला तर 71, म्हणजे 345 किलो. दर टायरमागे 30 किलो कमी. एकूण गाडीला ते पुरेल असं तो म्हणाला, आणि कागदावर पुरतही होतं. पण वरातीच्या गाडीवर वजन सारखं वाटलेलं नसतं. मागे दोन पोरं चढतात, एक मामा लटकतो. उंची जुळली तरी मूळ टायरपेक्षा कमी वजनाचा टायर घ्यायचा नाही, यावर बायका ठाम राहिल्या. रेडियल आणि जुन्या बनावटीचा साधा टायर एका गाडीत मिसळायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं.

शेवटी मूळचाच नंबर राहिला, 145/80 आर 12. रूपासाठी तारांच्या चाकासारखे दिसणारे कॅप आणि टायरला पांढरी पट्टी. जुने टायर खरंच फिकट असायचे; रबरात काजळी मिसळायला लागल्यावर ते काळे झाले आणि टिकाऊही. पट्टी टायरच्याच रंगाने रंगवावी. चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेल लावतात, त्याने रबर खराब होतं.

टायर घ्यायला कळंबोलीला गेलात तर अजून एक आकडा बघा. भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात. 1423 असेल तर 2023 सालातला चौदावा आठवडा. वरातीची गाडी पावसाळाभर पत्र्याखाली उभी असते, तिचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो. नक्षी नवीन दिसते आणि भिंतीला बारीक चिरा असतात. स्वस्तातला जुना टायर घेताना फसतो तो इथे. नक्षीचंही माप आहे: मोटारीला किमान 1.6 मिलिमीटर, दुचाकी आणि रिक्षाला 0.8. खोबणीत आडवी उंच रेघ असते, नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला.

आता कायद्याचं. टायर बरोबर असला तरी बॉडी बदललेली गाडी रस्त्यावर आणता येते असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी 2021 पासून आहे, पण ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची, आणि तीही धंद्यासाठी वापरता येत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं तर मुळातच नियमाबाहेर. मुलगा नाराज झाला. आईने मात्र सगळं लिहून घेतलं.

गटाने मागणीच्या निम्म्याहून कमी रक्कम मंजूर केली, फक्त चार टायरची. अट अशी, की गाडी लॉनच्या आवारातच फिरवायची, फोटोला आणि मंडपापर्यंतच्या प्रवेशाला. रस्त्याने न्यायची ती टेम्पोवर चढवून. बिल ताईंच्या नावाने, त्यावर टायरचा पूर्ण नंबर आणि ते चार अंक लिहिलेले. हप्ते तुळशीच्या लग्नानंतर सुरू, आषाढ-श्रावणात फक्त व्याज. पहिले तीन हप्ते वेळेवर आले आहेत. आता त्याच गटातल्या दुसऱ्या ताई भाजीच्या टेम्पोचे टायर बदलणार आहेत आणि त्यांनी जुन्या टायरचा नंबर कागदावर उतरवून आणला आहे.