चित्राची मागली बाजू



बोनस, महागाईभत्ता आणि टाळेबंदी यांवर बोलणाऱ्या माणसाने आज नाचगाण्यांच्या जुन्या अमेरिकन चित्रपटांची रंगीत जाहिरात-छायाचित्रे हा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कलेविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ही चित्रे जमविण्याचा आम्हांला छंद आहे, आणि त्या छंदात आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगावी म्हणून आम्ही उभे आहोत.

ही छायाचित्रे म्हणजे चित्रपटातून कापलेला तुकडा नव्हे. ‘सिंगिन इन द रेन’ हा १९५२ सालचा चित्रपट घ्या. तो टेक्निकलरमध्ये निघाला. त्या कॅमेऱ्यात रंग तीन निरनिराळ्या कृष्णधवल फितींवर विभागून उतरत. रंगीत निगेटिव्ह अशी नव्हतीच. म्हणून सेटवर वेगळा छायाचित्रकार असे. प्रसंगाचे चित्रण झाले की तो नटांना क्षणभर तसेच थांबवी आणि आपले काम उरकी. काही चित्रे मुळातच रंगीत घेत, काही कृष्णधवल चित्रांवर हाताने रंग चढवीत. वर्तमानपत्रांकडे जाणारे चित्र आठ बाय दहा इंचांचे असे. थिएटरच्या काचपेटीतली कार्डे अकरा बाय चौदा इंचांची, बहुधा आठांच्या संचाने येत. खेळ उतरला की त्यांची किंमत संपली. ती परत जात, नाहीतर रद्दीत.

मुंबईत धोबीतलावाजवळ मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीने १९३८ साली स्वतःचे मेट्रो थिएटर उघडले. त्यामुळे असली चित्रे आपल्याकडेही येत. आम्हांला चोरबाजारात एका रद्दीवाल्याकडे अशा चौदा चित्रांचा गठ्ठा मिळाला. आम्ही हरखून गेलो. खळ लावून ती जाड पुठ्ठ्यावर पक्की चिकटवली आणि कचेरीच्या भिंतीवर, खिडकीच्या समोर, टांगली.

एके दिवशी एक वृद्ध प्रोजेक्टर-ऑपरेटर कचेरीत आले. चित्रे न्याहाळून म्हणाले, “भाऊ, झकास आहेत. पण मागं काय लिहिलं होतं, ते वाचलंत का?”

आम्ही वाचले नव्हते. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीत चित्रपटाचे नाव, प्रसंग, नटांची नावे असत; कधी छायाचित्रकाराचा शिक्काही असे. पडद्यावरच्या नामावळीत त्या छायाचित्रकाराचे नाव सहसा नसे. त्याची ओळख असलीच तर त्या कागदाच्या पाठीवर. आणि ती आम्ही, कामगारांच्या हक्कासाठी भांडणाऱ्यांनी, खळीखाली गाडली. पुढे उन्हाने रंगही उडाले, तो वेगळा दंड.

‘सिंगिन इन द रेन’ची गोष्टच पाहा. बड्या नटीला एक अनोळखी मुलगी पडद्याआडून आवाज देते. शेवटी पडदा वर ओढतात आणि खरी गाणारी लोकांना दिसते. टाळ्या पडतात. पण त्या मुलीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्स यांना काही गाण्यांत आवाज बेटी नॉइज या गायिकेने दिला होता, आणि तिचे नाव चित्रपटात नाही. तो पडदा कोणी ओढला नाही.

त्या रंगांमागेही माणसे होती. १९४५ साली हॉलिवूडमध्ये सेट सजविणाऱ्यांच्या प्रश्नावरून मोठा संप झाला. ५ ऑक्टोबरला वॉर्नर ब्रदर्सच्या फाटकावर पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडण्यात आला. झगमगीत चित्र हाती घेताना ते फाटकही आठवावे, असे आम्हांस वाटते.

कंपन्या जपत नाहीत. जपतात ती माणसे. याच मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीने १९७० साली आपले पोशाख आणि सामान लिलावात काढले. तेव्हा पोशाख विकत घेऊन सांभाळणाऱ्यांत डेबी रेनॉल्ड्सच होत्या.

तेव्हा हा छंद करणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. चित्र चिकटवू नका. ऊन आणि ओल यांपासून दूर, अंधारात ठेवा. कडेला धरून हाताळा. आणि हाती आले की आधी उलटे करा.

आमच्या कचेरीच्या कपाटात १९८२ च्या गिरणीसंपाची छायाचित्रे आहेत. फाटकापुढे शेकडो माणसे उभी आहेत. मागली बाजू कोरी आहे. ओळखणारे आता थोडे राहिले. गेल्या वर्षापासून दर रविवारी आम्ही एकेका वृद्ध सभासदाला बोलावतो. तो बोटाने दाखवतो, आणि आम्ही मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागे नाव लिहितो. मागच्या रविवारी तीन नावे मिळाली.

आपल्याही घरी असे कोरे कागद असतील. सांगणारे माणूस घरात आहे तोवर आज रात्रीच ते उलटून पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.