मूळ राखावे, फळ वाटावे

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात सर्वण येथे केलेले भाषण)



‘खेड्यापाड्यांचा सामाजिक व आर्थिक विकास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. विषय मोठा आहे. परंतु मी पडलो मास्तर. तेव्हा सर्वण, कारापूर, मुळगाव, मये एवढ्याच मुलुखाकडे पाहून मी बोलणार आहे. आणि शेवटी न्यासापुढे एक मागणी ठेवणार आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

आपल्या डिचोली तालुक्याच्या विकासाची कथा ही बव्हंशी खाणीची कथा आहे. पोर्तुगीज अमदानीत खाणींचे परवाने दिले गेले आणि 1950 नंतरच्या दशकात आपले लोहखनिज जपानला जाऊ लागले. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी शेजारी मांडतो: एक डोंगरातून निघालेला पैसा, दुसरी शाळेतून निघालेली अक्षरे. 1961 च्या जनगणनेत गोवा, दमण व दीव मिळून शंभरांत सुमारे एकतीस माणसे साक्षर होती. 2011 साली गोव्यात हे प्रमाण अठ्ठ्याऐंशीच्या वर गेले. अक्षरे कोणाच्याही हुकमाने बंद पडली नाहीत. पैशाचे मात्र तसे झाले नाही.

चीनची मागणी वाढली तेव्हाची वर्षे आपणा सर्वांना आठवत असतील. 2010-11 साली गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज परदेशी गेले. घरोघर कर्जाचे ट्रक आले. दहावीच्या वर्गातील धडधाकट मुले क्लीनर म्हणून गाडीवर चढली, कारण बी. ए. होऊन मिळणाऱ्या पगाराहून गाडीवरची कमाई त्यांना मोठी दिसत होती. मग 2012 च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2014 च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली. परंतु 7 फेब्रुवारी 2018 रोजी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि 16 मार्चपासून काम पुन्हा थांबले. ट्रक अंगणात गंजले. टायरवाला, गॅरेजवाला, चहावाला यांचे गिऱ्हाईक एका दिवसात गेले. कर्जदारांसाठी शासनाला सवलतीची योजना आणावी लागली. डिसेंबर 2022 मध्ये लिलाव झाला आणि 2024 साली डिचोलीच्या गटात काम पुन्हा सुरू झाले.

काम सुरू झाले म्हणून ज्यांना हायसे वाटले त्यांना मी दोष देत नाही. चूल पेटावयास हवी. ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या सरद आणि वायंगणाच्या शेतांत पावसाबरोबर खाणीचा गाळ शिरला, त्यांची तक्रारही तितकीच खरी आहे. हा वाद या व्यासपीठावरून सुटावयाचा नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळे.

आमच्या धर्मपरंपरेत वक्फ नावाची संस्था आहे. हजरत उमर यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे असे त्यांनी पैगंबरसाहेबांना विचारले. जमीन तशीच राखावी, विकू नये, आणि तिचे उत्पन्न गोरगरिबांसाठी द्यावे, असा सल्ला त्यांना मिळाला. वक्फचे सारे मर्म एवढ्यात आहे. आणि ही गोष्ट माझ्या हिंदू शेजाऱ्यांना काही नवीन नाही. देवस्थानाची जमीन कोणी विकून खात नाही; तिच्या भातावर, नारळांवर देवापुढचा दिवा जळतो. कुळागराचा मालक पोफळीची सुपारी विकतो, पोफळ तोडून विकत नाही. मूळ राखावे, फळ वाटावे, हे शहाणपण आपल्याकडे मशिदीतही आहे आणि देवळातही आहे.

खनिज हे फळ नव्हे, मूळ आहे. एकदा जहाजात भरले की पुन्हा उगवत नाही. ते विकून आलेला पैसा रोजच्या खर्चात गेला, तर आपण उत्पन्न खाल्ले असे नव्हे. पोफळच तोडून खाल्ली. नॉर्वे देशाने 1990 साली कायदा करून तेलाच्या पैशाचा निधी उभारला आणि त्यातून साधारण वाढीपुरताच खर्च करण्याचा दंडक घातला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 च्या निकालात खनिजाच्या विक्रीकिमतीचा दहा टक्के हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावयास सांगितले. शिवाय 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातील किमान साठ टक्के रक्कम खाणबाधित भागातील पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हावयाची होती. हा पैसा आपल्या नावचा आहे. ग्रामसभेला जाऊन त्याचा हिशेब विचारणे हे भांडण नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

आता माझी मागणी. रौप्यमहोत्सवानिमित्त आपणाकडे देणग्या आल्या आहेत. त्यांतून सभागृहाला नवी फरशी बसवावी, कमान उभारावी, अशी काही मंडळींची इच्छा आहे. ती प्रेमापोटी आहे, हे मी जाणतो. तथापि माझी विनंती अशी की, या रकमेचा निम्मा भाग कायम ठेव म्हणून बाजूला ठेवावा आणि त्या ठेवीला कोणत्याही विश्वस्ताने, कितीही चांगल्या कामासाठी, हात लावू नये असा ठराव करावा. तिचे जे उत्पन्न येईल ते दहावीनंतरच्या मुलामुलींना द्यावे. विशेषतः मुलींना, कारण बसचे भाडे परवडत नाही या कारणाने प्रथम मुलीचेच शिक्षण थांबते. कोणी डिचोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचे काम शिकेल, कोणी साखळीच्या महाविद्यालयात जाईल. जात-धर्म विचारू नये. गरज आणि हजेरी पाहावी. कमावता झालेल्या विद्यार्थ्याने जमेल तेवढे ठेवीत परत घालावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

रक्कम प्रारंभी लहान असेल. पहिल्या वर्षी दोन-तीन मुलांनाच मदत होईल आणि लोक हसतीलही. परंतु खाण चालली तरी आणि थांबली तरी ही मदत थांबणार नाही. ज्या गावाने एका हुकमात चुली विझलेल्या पाहिल्या आहेत, त्या गावाला याचे मोल निराळे सांगावयास नको. नवी फरशी झिजेल आणि पुन्हा घालावी लागेल. शिकलेली मुलगी मात्र आपल्या मुलांनाही शिकवील.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडला जावा, त्यावर मोकळी चर्चा व्हावी आणि विरोध असणाऱ्यांनी तोही मनमोकळेपणाने बोलून दाखवावा.