एकीनं वाचावं, सगळ्यांनी ऐकावं

शेतातून, गोठ्यातून, चुलीपुढून, जिथून ऐकत असाल तिथूनच ऐका. हातातलं काम थांबवायची गरज नाही. आजचा विषयच असा आहे की तो काम करता करता ऐकला तरी चालतो. आज आम्ही बोलणार आहोत पुस्तक मोठ्यानं वाचण्याबद्दल. एकटीनं कोपऱ्यात बसून नव्हे, तर दहा-बारा जणींनी मिळून.

आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या बायका. आमच्यात दहावी झालेल्या आहेत, चौथीतून शाळा सुटलेल्या आहेत आणि अंगठा देणाऱ्याही आहेत. तीन वर्षं झाली, पावसाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्यात, शेताची घाई नसते तेव्हा, आम्ही आठवड्यातून तीन रात्री बसतो. जेवणखाण, भांडी आटोपली की तासभर. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी शेंगा फोडते, कुणी गोधडीला टाके घालते, कुणी मांडीवर पोराला थोपटते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बरोबर आहे, नवीन काही नाही. चातुर्मासात पोथी लावायची आपल्याकडे जुनीच पद्धत. देवळात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ तीनशे वर्षांहून जुने, पण लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना त्यातल्या कथा तोंडपाठ असायच्या. त्या त्यांनी डोळ्यांनी वाचल्या नाहीत, कानांनी वाचल्या. एकजण ओवी म्हणायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि सगळं गाव ऐकायचं. ओवी कानासाठीच घडवलेली असते, म्हणून ती ऐकताना लवकर मनात बसते.

एक गोष्ट मात्र खरी. पोथी बहुतेक गावांत बाप्यांच्या हातात असायची. बाया मागं, खांबाआड, पदर सावरून बसायच्या. ऐकायला मुभा होती, पण मध्ये काही विचारायला नव्हती. आम्ही बदल केला तो एवढाच: पुस्तक आपल्या हातात घेतलं आणि मध्येच थांबवून बोलायला लागलो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता साधारण ७६ टक्के होती. म्हणजे चौघींत एकीला वाचता येत नव्हतं. आणि ज्यांना येतं म्हणून मोजलं, त्यांतल्याही कितीजणी लग्नानंतर सहीपुरत्याच उरल्या असतील, हे आपलं आपल्याला माहीत आहे. चौथीत धडधडा वाचणारी मुलगी पंचविसाव्या वर्षी जोडाक्षरापाशी अडखळते. अक्षर वापरात नसलं की विळ्यासारखं गंजतं. पण मोठ्यानं वाचण्यात गंमत अशी, की एकीला वाचता आलं तरी बाराजणींचं पुस्तक होतं. ऐकणारीचा वाटा वाचणारीपेक्षा कमी नसतो. उलट आमच्यात सगळ्यात नेमके प्रश्न विचारतात त्या आमच्या एक आजी. त्यांना एक अक्षर येत नाही. त्या कधी म्हणतात, “मागचं पान परत वाच बाई, ती घर सोडून निघाली तेव्हा तिच्याजवळ पैसं किती हुतं?” वाचणारीच्या नजरेतून ते निसटलेलं असतं, पण आजींच्या कानांतून नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या आसोद्याची लेक, शेतकरीण. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची आणि त्या म्हणायच्या. घरातल्या माणसांनी ऐकली आणि लिहून घेतली, म्हणून ती राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५२ साली, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आज त्यांची कविता शाळेतली पोरं वाचतात. अक्षर न येणारी बाई पुस्तकाच्या बाहेरची नसते, ती पुस्तकाच्या आतलीही असू शकते. तिच्याकडं कान देणारं कुणी असलं पाहिजे.

आता जरा लांबची गोष्ट सांगतो. क्युबा नावाचा एक देश आहे, समुद्रातलं बेट. तिथं तंबाखूच्या पानांचे चिरूट वळायचे मोठे कारखाने. आपल्या सोलापूरकडच्या बहिणी विड्या वळतात, तसंच काम: दिवसभर बसून, हातानं. १८६५ साली तिथल्या हवाना शहरात कामगारांनी एक युक्ती काढली. हात कामात असले तरी कान मोकळेच असतात. मग त्यांनी आपल्याच मजुरीतून वर्गणी काढून एक वाचणारा माणूस ठेवला. तो उंच जागी बसून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे वळता वळता ऐकायचे. वर्तमानपत्र वाचायचा, कादंबऱ्या वाचायचा. कोणतं पुस्तक लावायचं ते कामगार ठरवायचे. वर्षभरातच, १८६६ साली, सरकारनं त्यावर बंदी घातली. ऐकणारी माणसं प्रश्न विचारायला लागतात, हे सरकारला कळलं असावं. पण ती पद्धत बंदीला पुरून उरली, पुढं पुन्हा सुरू झाली आणि तिथं आजही आहे. एक फ्रेंच कादंबरी ऐकणाऱ्यांना इतकी आवडली, की तिच्यातल्या ‘मॉन्टे क्रिस्टो’ या नावावरून पुढं एका चिरुटाचं नाव पडलं. तंबाखूचं गुणगान आम्हाला करायचं नाही. सांगायचं ते इतकंच, की राबणाऱ्या माणसांनी पदरचे पैसे घालून गोष्ट ऐकली. ती त्यांना चैन वाटली नाही, गरज वाटली.

आणि इथंच आपल्याकडं अडतं. बाईनं गटाच्या बैठकीला जावं, कर्जाच्या कामाला बँकेत जावं, इथपर्यंत घरचे आता मानतात, कारण त्यातून घरात काहीतरी येतं. पण “पुस्तक ऐकायला जाते” म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, “त्यानं काय मिळतं?” आमच्या गटात सगळ्यात छान वाचणारी एक सून आहे. बारावी झालेली, आवाज खणखणीत, न अडखळता वाचते. पहिल्या वर्षी पंधरा दिवस ती आली आणि मग यायची बंद झाली. सासूबाईंनी सांगितलं होतं, “रातचं घराबाहेर बसायचं न्हाई. गप्पा मारायला काय कमी जागा हाय व्हय?” आम्ही भांडायला गेलो नाही. आम्ही गेलो आणि विचारलं, “मावशी, तुमच्या ओसरीवर बसलो तर चालंल का? उजेड चांगला आहे तुमच्याकडं.” मावशींना नाही म्हणता येईना. आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही.

तेव्हा आमचं रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक चाललं होतं. १९१० साली आलेलं. रमाबाईंचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. अक्षरओळख नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचलं नाही. रमाबाई वाचतात म्हणून त्या टोमणे मारायच्या, त्रास द्यायच्या. रमाबाई सगळं सोसून शिकत राहिल्या आणि पुढं पुण्याच्या सेवासदनासारखी मोठी कामं त्यांनी उभी केली.

त्या रात्री तोच भाग आला. वाचणारी सून, ओसरी सासूची आणि पुस्तकात सुनेला वाचते म्हणून बोलणाऱ्या घरातल्या बाया. आम्ही सगळ्या खाली माना घालून शेंगा फोडत होतो. सुनेचा आवाज जरा बारीक झाला, पण ती थांबली नाही. मावशी आत, उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. प्रकरण संपलं. कुणीच बोलेना. मग मावशीच म्हणाल्या, “त्या घरातल्या बायांचं बी ऐका की कुणीतरी. त्यांस्नी कुणी शिकवलंवतं? काल आलेल्या पोरीला घरातला कर्ता माणूस जवळ बसवून शिकवतो आणि ह्या जल्मभर चुलीपुढं. त्यांच्या पोटात तुटलं नसंल?”

आमच्यातल्या कुणालाच हे सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्या रमाबाईंच्या बाजूनं ऐकत होतो. मावशींनी त्या दुसऱ्या बायकांच्या बाजूनं ऐकलं. त्या चुकीचं वागल्या हे खरंच, पण का वागल्या ते मावशींनी सांगितलं. त्या रात्री आम्ही अकरा वाजेपर्यंत बोलत बसलो. कोण कितवीत असताना शाळा सुटली, कुणी सोडवली, कुणाच्या दप्तराचं काय झालं. इतकी वर्षं एकत्र बचत करणाऱ्या बायका आम्ही, एकमेकींच्या कर्जाचा हप्ता पाठ, पण हे कधी निघालं नव्हतं.

मावशी काही एका रात्रीत बदलल्या नाहीत. दहा वाजले की “आवरा आता” अजूनही म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरताना त्यांनी सुनेला विचारलं, “त्या रमाचं म्होरं काय झालं?” आता बैठक कायमची त्यांच्याच ओसरीवर असते.

एकटीनं वाचताना पुस्तक आपल्याला सांगतं आणि आपण ऐकतो. मिळून वाचताना पुस्तक एक गोष्ट सांगतं आणि ऐकणाऱ्या बाराजणी त्यात आपापल्या बारा गोष्टी घालतात. विनोद आला तर एक हसते, तिचं बघून दुसरी हसते, शेवटी वाचणारीलाच वाचता येत नाही. रडू आलं तर कुणी कुणाकडं बघत नाही, दिव्याची वात सारखी करते. हा आनंद आहे. त्यातून पैसे मिळत नाहीत, आणि नाही मिळाले तरी चालतं.

फायदे झाले नाहीत असं नाही. चौथीतून शाळा सुटलेल्या दोघी आता एकेक पान वाचतात. आणि मोठ्यानं वाचायची सवय लागल्यापासून आमच्याकडं आलेला कोणताही कागद, कर्जाचा असो, विम्याचा असो, आधी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचला जातो, मगच सही किंवा अंगठा. “घाई आहे, इथं सही करा” म्हणणाऱ्याला आम्ही चहा देतो आणि वाचून होईपर्यंत बसवतो. पण हे सगळं मागून आलं. सुरुवात गोष्टीच्या गोडीनं झाली.

आता तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर आम्हाला जे जमलं ते सांगतो.

पहिलं पुस्तक असं घ्या, ज्याचे सुटे सुटे भाग आहेत. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ त्यासाठी उत्तम. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते लिहिलं. श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे ते पुस्तक मुळातच रात्री मिळून ऐकायचं आहे. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घ्या. लक्ष्मीबाईंना शाळा नव्हती, लग्नानंतर त्या वाचायला शिकल्या. भाषा अशी बोलती, की शेजारीण सांगतेय असं वाटतं. वडिलांच्या कडक सोवळ्यापायी घरच्यांचे झालेले हालही त्या हसवत सांगतात. १८९५ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या मनानं त्याही त्या धर्मात गेल्या. ‘आपण असतो तर काय केलं असतं?’ यावर आमच्याकडं दोन रात्री वाद चालला. एकमत झालं नाही, आणि व्हायला पाहिजे असंही नाही.

हिशेब सोपा आहे. एक पान मोठ्यानं वाचायला साधारण तीन मिनिटं लागतात. अर्ध्या तासात दहा पानं होतात, उरलेला अर्धा तास बोलण्याचा. दोनशे पानांचं पुस्तक वीस बैठकांत संपतं. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर दोन महिन्यांच्या आत.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. गावात किंवा शेजारच्या गावात सार्वजनिक वाचनालय असतं. एकीच्या नावावर पुस्तक घ्या आणि सगळ्यांनी ऐका. शाळेच्या कपाटातही पुस्तकं असतात, बाईंना किंवा गुरुजींना विचारून बघा.

वाचणारीला दर पाच-सहा पानांनी थांबवा, पाणी द्या. एकीचाच घसा बसवू नका, पाळी लावा. चाळिशी ओलांडलेल्यांना बारीक अक्षर दिसत नसेल तर ‘मला येत नाही’ म्हणण्याआधी डोळे तपासून घ्या. आमच्यातल्या दोघींना वाचता येत होतं, फक्त चष्मा नव्हता.

नव्यानं वाचणारी अडखळली तर तिच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नका. तिला वेळ द्या, तेवढ्यात तुमच्या चार शेंगा फोडून होतील. ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून कुणी हसायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आणि थांबायचं ते अशा ठिकाणी, की पुढं काय झालं ही रुखरुख लागली पाहिजे. मग दुसऱ्या बैठकीला बोलवणं धाडावं लागत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या गट बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, की लगेच उठू नका. एक पुस्तक घेऊन जा आणि फक्त पाच पानं वाचा. जिला वाचता येत नाही तिला पुढं बसवा. कुठलं पुस्तक लावलंत आणि कुणी काय विचारलं, ते आम्हाला जरूर कळवा. आमचंही पुढचं पुस्तक अजून ठरायचं आहे.