सुभेदार रामजींचे छंद



आज सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांचे वडील म्हणून आपण त्यांचे नाव आदराने घेतो आणि पुढे जातो. आज आम्ही त्यांच्या छंदांविषयी दोन शब्द बोलणार आहोत.

रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत त्यांची नोकरी असतानाच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. पेन्शनीत निघाल्यावर पुष्कळांचा दिवस पारावर जातो. या फौजी माणसाला मात्र वाचनाचा, भजनाचा आणि शिकविण्याचा छंद होता. ते कबीरपंथी. घरात अभंग, दोहे यांचा नित्यपाठ असे. हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके व तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत पहाटे दोन वाजता ते भीमरावांना अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले तर विवाहित लेकीचा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि पेन्शन मिळताच सोडवून परत देत.

आम्ही बँकेत कारकून आहोत. सोनेतारणाच्या खिडकीवर आम्ही पुष्कळ दागिने पाहिले. लग्नासाठी आले, दुखण्यासाठी आले. पुस्तकासाठी आलेला दागिना आम्हांला आठवत नाही.

रामजींच्या मनाचा मोठेपणा बाबासाहेबांनीच १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदविला आहे. शूद्रांची हीनता सांगणारे रामायण-महाभारत आम्ही का वाचावे, असे मुलाने विचारले. वडील रागावले. मुलाने काही दिवसांनी पुन्हा तेच विचारले. या वेळी रामजी विचार करून उत्तर तयार ठेवून बसले होते. आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, द्रोण, कर्ण, वाल्मिकी कोठून कोठे पोहोचले ते पाहावे, असे त्यांनी समजावले. मुलाचे समाधान झाले नाही. तेव्हा वडील गप्प राहिले. मुलगा बंड करीत आहे हे त्यांनी ओळखले होते. त्याआधीच केळुसकर गुरुजींनी त्याच मुलाला सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. त्याला मनासारखी वाट सापडली. ती वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पोहोचली आणि आपण सारे तिच्यावरून चालू लागलो.

बंधूंनो, एक कबुली देतो. आमच्या मुलानेही एकदा असाच अवघड प्रश्न विचारला होता. ऑफिसातून थकून आलो होतो. "गप्प बस" म्हणालो आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याने पुन्हा विचारले नाही. रामजी पहिल्यांदा रागावले, तसे आम्हीही रागावलो. पण दुसऱ्यांदा विचारण्याचे धैर्य त्यांच्या घरात टिकले, आमच्या घरात टिकले नाही. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

सुभेदारांच्या तसबिरीला हार घालून आपण घरी जाऊ. गेल्यावर एक तास मुलांजवळ बसू या. त्यांचा प्रश्न आवडला नाही तरी ऐकू या. उत्तर नसेल तर शोधून ठेवू या. रामजींना हीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!