काकांचा ‘विरघळणारा’ स्टेंट

खडकी बाजारात माझा दवाखाना आहे. मध्यंतरी अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका रक्तदाब तपासायला आले. चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना स्टेंट टाकला होता. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या त्यांना सुरू होत्या. त्यातली एक त्यांनी आठवड्यापूर्वी परस्पर बंद केली होती.

‘‘का हो काका?’’

‘‘डॉक्टर, माझा स्टेंट विरघळणारा आहे. एव्हाना विरघळला असेल. आता गोळी कशाला?’’

हा गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी. 1986 मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ती प्रथम माणसाच्या हृदयधमनीत बसवली गेली. पण जाळीभोवती पेशी वाढून धमनी पुन्हा अरुंद होई. ही वाढ रोखणारे औषध मिळाले ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून. त्याचे नाव सिरोलिमस. धातूवर औषध टिकावे म्हणून ते पॉलिमरमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून जाळीवर त्याचा पातळ थर दिला जाऊ लागला.

औषध काही आठवड्यांत झिरपून जाई. प्लॅस्टिक मात्र कायम राही. काही रुग्णांत त्यामुळे धमनीचा दाह होई, जखम नीट भरत नसे आणि वर्ष उलटल्यावरही गुठळी होई. 2006 मध्ये जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांत याची मोठी चर्चा झाली.

त्यावरचा एक उपाय म्हणजे विरघळणारे आवरण. ऑपरेशनमध्ये आपोआप विरघळणारे टाके घालतात, त्याच कुळातले हे पदार्थ. शरीरातल्या पाण्याने त्यांच्या लांब साखळ्या तुटतात. पॉलिलॅक्टिक आम्लाचे दह्यात असते तेच लॅक्टिक आम्ल होते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड. याला काही स्टेंटमध्ये चार-सहा महिने, तर काहींत वर्ष-दोन वर्षे लागतात. कायम राहणारी नवी आवरणेही आता पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे ज्यांच्याकडे तसा स्टेंट आहे त्यांनी घाबरू नये.

मुद्दा असा, की विरघळते ते आवरण. जाळी जन्मभर आतच राहते. तिच्यावर धमनीचे अस्तर नीट चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याची भीती अधिक असते, आणि अशी गुठळी जिवावर बेतू शकते. झटक्यानंतर दोन्ही गोळ्या साधारणपणे वर्षभर आणि पुढे बहुधा एक कायम घ्यावी लागते. कोणाला किती काळ, हे त्याचा हृदयरोगतज्ज्ञच ठरवतो.

काकांना मी त्याच दिवशी त्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवले. गोळी पुन्हा सुरू झाली. सुदैवाने काही बिघडले नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, रुग्णालयातून मिळालेले स्टेंटचे कार्ड पाकिटात ठेवा. दाढ काढायची असली तरी ते आधी दाखवा. आणि गोळी बंद करण्यापूर्वी एकदा विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)