खोटा निरोप

"मागील बिल न भरल्यामुळें आज रात्रीं ९-३० वाजतां आपली वीज तोडण्यांत येईल. खालील अधिकाऱ्यास त्वरित फोन करावा."

श्रोतेहो, असा निरोप मोबाईलवर आला, कीं वेळच्या वेळीं बिल भरणारा गृहस्थहि गांगरून जातो. ही घाबरगुंडी हेंच भामट्याचें भांडवल होय. उसंत मिळाली तर मनुष्य विचार करील, म्हणून तो ती मिळूंच देत नाहीं.

बँकेच्या नांवानें येणारें खोटें ईमेल याच जातीचें. नांव ओळखीचें दिसतें; पत्त्यांतलें एखादें अक्षर मात्र बदललेलें असतें. यास्तव निरोपांतील लिंकवर बोट ठेवूं नये. जुन्या बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. ओटीपी कोणासहि सांगूं नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच नव्हे.

इतकें जपूनहि फसगत झाली, तर कित्येक वडीलधारीं माणसें लाजेनें गप्प बसतात. खरी हानि येथेंच होते. कारण गेलेले पैसे वाटेंत अडविण्याचा संभव आरंभींच अधिक असतो. तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें. घरांतील तरुणांनींहि आधीं तो फोन लावून द्यावा. बोल लावण्यास पुढें पुष्कळ वेळ आहे.