खाणीचा पैसा आणि बियाण्याची कणगी



कुंभकोणमच्या पूर्वेस, कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे पुतणे, यांनी 1693 साली हे गाव पंचेचाळीस-शेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, तेव्हापासून ते शहाजीराजपुरम या नावानेही ओळखले जाऊ लागले. ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित तेथलेच, आणि ज्यांना लोक अय्यावाळ म्हणतात ते श्रीधर वेंकटेशही तेथलेच. या अय्यावाळांच्या मठातील विहिरीवर तमिळ कार्तिकै महिन्याच्या अमावास्येस स्नानासाठी आजही यात्रा भरते. आता त्या दानाचे स्वरूप नीट पाहा. राजाने विद्वानांच्या हाती मोहरांची थैली ठेवली असती, तर ती एका पिढीत, कदाचित एका लग्नसराईत, संपली असती. त्याने जमीन दिली, घर दिले, आणि दरसाल हाती येणाऱ्या उत्पन्नावर विद्या उभी केली. त्या दानात शेतात राबणाऱ्यांच्या लेकरांना वाटा नव्हता, ही उणीव मोठी आहे आणि ती मी झाकणार नाही. परंतु मूळ धन शाबूत ठेवून त्याच्या उत्पन्नावर शिक्षण चालवावे, ही दृष्टी मला आज आपल्या खाणींच्या मुलखासाठी मागावयाची आहे.

आपल्या शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची कणगी निराळी असते. तिच्यात राख मिसळतात, कडुलिंबाचा पाला घालतात, तोंड शेणामातीने लिंपून टाकतात. आणि आषाढात घरातले धान्य सरत आले, पोरे भुकेने रडू लागली, तरी घरची म्हातारी त्या कणगीला कोणास हात लावू देत नाही. खाणीचा पैसा हा त्या कणगीतला दाणा आहे. भूगर्भातील लोहदगड किंवा कोळसा एकदा काढला की पुन्हा उगवत नाही. म्हणून त्याच्या मोबदल्यात हाती आलेला रुपया खाण्याचा नव्हे, पेरण्याचा आहे. हे मी पुन्हा सांगेन, कारण हाच मुद्दा कानाआड होतो.

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांची कथा आपणांस ठाऊक आहे. खाणी चालू होत्या तोवर घराघरांतून कर्ज काढून ट्रक घेतले गेले, मांडवी-जुवारीवर बार्जी धावू लागल्या, रस्त्याकाठी गॅरेजे, टायरची दुकाने आणि खाणावळी उभ्या राहिल्या. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही मनाई आली. मध्यंतरी काही काळ कामे सुरू झाली, तोच 2018 च्या फेब्रुवारीतील निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चात सारे पुन्हा ठप्प झाले. खाणीवर अवलंबून असलेल्यांच्या बँकेतील कर्जासाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली. ती आणली हे योग्यच झाले. परंतु ज्या घराने ट्रकच्या कमाईवर मुलीला महाविद्यालयात घातले होते, त्या घराचा हप्ता आणि त्या मुलीची फी एकाच दिवशी थकली. त्या गावांत धंदे पुष्कळ होते, पण सगळ्यांचे पाणी एकाच विहिरीचे.

याच गोव्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात लोहखनिजाच्या विक्रीच्या रकमेतून 10 टक्के बाजूला काढून एक कायम निधी स्थापण्याची आज्ञा केली, भावी पिढ्यांच्या हितासाठी. ही कणगीच झाली. आणि 2015 साली खाणविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली: जुन्या पट्टेदाराने स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी, तर लिलावाने नव्याने पट्टा घेणाऱ्याने 10 टक्के इतकी रक्कम त्यात भरावयाची. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, कौशल्यशिक्षण अशा अग्रक्रमाच्या बाबींवर किमान 60 टक्के खर्च व्हावा असे ठरले, आता ते प्रमाण 70 टक्के आहे. म्हणजे तरतुदीची वाण नाही. चंद्रपुराकडे घुग्घुस, सास्ती, दुर्गापूर या कोळशाच्या गावांत जाऊन पाहावे. प्रश्न असा विचारावा की या पैशातून वर्गखोलीची भिंत किती उभी राहिली आणि त्या खोलीत शिकविणारा माणूस, तिथून पुढे शिकू पाहणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृहातले दोन वेळचे जेवण, यांची तजवीज किती झाली. भिंतीचे देयक एका मार्चअखेर निघते. शिक्षकाचा पगार दरमहा द्यावा लागतो, आणि तो खाण मिटल्यावरही द्यावा लागतो.

म्हणून या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या निधीविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतील एका कलमाकडे मी आपले लक्ष वेधतो. वार्षिक जमेचा काही वाजवी भाग शाश्वत उपजीविकेसाठी अक्षयनिधी म्हणून राखावा, असे ते कलम सांगते. श्रोते हो, दफ्तरातील इतर सर्व कागद विसरलात तरी चालेल, हे कलम विसरू नका! शहाजीराजांच्या सनदेतील मर्म तेच आहे. दुसऱ्या शरफोजीराजांनी 1802 साली ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले, तेथे अन्नदानासोबत पाठशाळा चालली, तीही उत्पन्न नेमून दिलेले होते म्हणून.

आता धंद्याविषयी, कारण बियाणे कितीही जपले तरी रान नसेल तर ते पेरावयाचे कोठे? शिकलेल्या मुलाला गावातच पाय रोवता यावेत यासाठी लहान धंद्याला भांडवल हवे, आणि ते खाणीच्या तालावर न नाचणाऱ्या धंद्याला हवे. वेल्डिंग येणाऱ्याने शेतीची अवजारे करावीत, डंपर चालविणाऱ्याने भाजी नि दूध शहरात पोचवावे, खाणावळ चालविणाऱ्या बाईने पापड-लोणच्याचा परवाना घ्यावा. अशांना बँक तारण मागते, आणि खाणगावातील घराला, ज्याच्या भिंतीला सुरुंगाने तडे गेले आहेत, तारण म्हणून कोण धरील? तेथे अक्षयनिधीने जामीन राहावे. मुद्रा योजना विनातारण आहे हे खरे, परंतु खाण बंद पडल्यावर पहिली दोन वर्षे हप्ता कोणी सांभाळावयाचा, याचे उत्तर तीत मिळत नाही.

घड्याळ पुढे सरकले आहे आणि हिशेबाचा भाग राहूनच जातो आहे. अनुसूचित क्षेत्रांत या निधीच्या आराखड्यास ग्रामसभेची मान्यता लागते. तेव्हा गडचिरोलीकडील माझ्या श्रोत्यांना, विशेषतः भगिनींना, एवढीच विनंती की पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा ठराव वाचला जाईल त्या वेळी उठून उभे राहावे, अक्षयनिधीत यंदा किती रक्कम जमा झाली ते विचारावे, आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यावे. शिष्यवृत्ती कोणत्या इयत्तेपासून द्यावी, यावर मला पुष्कळ सांगावयाचे होते. आठवीपासून, असे माझे मत आहे, कारण त्याच वयात मुले खाणीकडे वळतात.